ब्रेस्ट कॅन्सर परत येईल का, पसरेल का? जीन टेस्ट करायची की नाही ते पायरी पायरीने

मी नागपुरात धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सँपल घेणं आणि रिपोर्ट देणं हे काम करते, डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवते. पण ब्रेस्ट कॅन्सरच्या फायली रोज हाताखालून जातात, आणि हल्ली चंद्रपूर, भंडारा, यवतमाळ, बालाघाट कुठूनही आलेला माणूस काउंटरवर एकच विचारतो, मॅडम ती लाखांवाली जीन टेस्ट म्हणे कॅन्सर परत येईल का ते सांगते, करू का? कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं असतं, कोणाच्या तरी साळ्याने पुण्याला केलेली असते. एवढ्या घाईत काउंटरवर सगळं सांगता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहून राहिली आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. टेस्ट करायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं की टेस्टमध्ये धोक्याचा आकडा कमी आला तर तुम्ही काय करणार आणि जास्त आला तर काय करणार. दोन्ही उत्तरं सारखीच असली तर ते पैसे औषधाला ठेवा. उत्तरं वेगळी असली, म्हणजे एका बाजूला किमो आणि दुसऱ्या बाजूला नुसती हार्मोनची गोळी (म्हणजे हार्मोनला अडवणारी), तर ही टेस्ट खरंच कामाची आहे आणि ती किमो सुरू व्हायच्या आधीच करायची असते.

आधी एक घोळ सोडवू

जीन टेस्ट या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक असते रक्ताची किंवा थुंकीची, ती आईवडिलांकडून आलेला जीनमधला दोष शोधते, बीआरसीए म्हणतात ती हीच, लोक ब्राका पण म्हणतात. दुसरी असते गाठीची, म्हणजे ऑपरेशनमध्ये किंवा बायोप्सीत काढलेल्या कॅन्सरच्या तुकड्यावर करायची, आणि ती बघते की त्या गाठीत कोणते जीन किती जोरात काम करून राहिले आहेत. घराचं वायरिंग तेच असलं तरी मे महिन्यात बिल किती येणार ते कुलर किती चालला त्यावर ठरतं ना, तसं. पहिली टेस्ट वायरिंग तपासते, दुसरी कोणते स्विच चालू आहेत ते. कॅन्सर पसरेल का, परत येईल का याचा अंदाज मुख्यतः दुसरीवरून लागतो. पहिली वेगळ्या कारणासाठी लागते, तिच्यावर खाली येते.

घरी परतल्यावर नातेवाईक विचारतात तेव्हा लोक दोन्ही एकच समजून बोलतात, आणि मग ज्या बाईची गाठीची टेस्ट झाली तिच्या मुलीला सांगितलं जातं की तुझं पण निघालं आहे म्हणे. असं काही नसतं. गाठीच्या टेस्टचा मुलीशी काही संबंध नाही.

पायरी १: सुरुवात बाटलीपासून होते

मार्कर म्हणजे आजार कसा वागेल हे सांगणारी गाठीतली खूण, पण लोकांना वाटतं काहीतरी परदेशी मशीन. पण गाठ अंगातून निघाल्यावर पहिल्या तासात काय होतं यावर पुढचा अर्धा खेळ असतो. काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो सडू न देणाऱ्या द्रावणात, तासाभराच्या आत गेला पाहिजे, आणि तिथे कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. फॉर्मलिन पण १० टक्क्याचं बफर्ड, तुकड्याच्या साधारण दहापट.

आता प्रत्यक्षात काय येतं ते बघा. दुपारी वणीकडून एक मुलगा आला, हातात कॅरीबॅग, कॅरीबॅगमध्ये अरुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली, त्यात अख्खा स्तन कोंबलेला आणि वर जेमतेम दोन बोटं पाणी. चिकटपट्टीवर पेनने आईचं नाव, ते पण अर्धं पुसलेलं. "मॅडम, ही आईची गाठ, डॉक्टर साहेबांनी आजच पोचव म्हटलं." किती वाजता काढली? माहीत नाही. यात फॉर्मलिन आहे की सलाइन? माहीत नाही. वास घेऊन कळलं की सलाइन आहे. आता त्या तुकड्यावर ईआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणारा मार्कर) निगेटिव्ह आला तर तो खरंच निगेटिव्ह की प्रवासात सडल्यामुळे निगेटिव्ह, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि त्याच एका उत्तरावर त्या माउलीला पाच वर्षं हार्मोनची गोळी मिळणार की नाही हे ठरतं. त्या केसमध्ये आधीची सुईची बायोप्सी दुसरीकडे जपून ठेवलेली निघाली, तिच्यावर मार्कर झाले.

म्हणून ऑपरेशन छोट्या गावात होणार असेल तर आदल्या दिवशीच सर्जनना विचारा की फॉर्मलिन आहे का. नसेल तर लॅबमधून रुंद तोंडाचा डबा आणि फॉर्मलिन घेऊन जा, बहुतेक लॅबवाले देतात. डब्यावर नाव, वय, डावं की उजवं, आणि काढल्याची वेळ. वेळ लिहायला कोणी नाही म्हणत नाही, फक्त सांगावं लागतं. मोठा तुकडा असेल तर तो कापून उघडल्याशिवाय फॉर्मलिन आत जात नाही, ते काम लॅबचं, म्हणून शनिवारी संध्याकाळी काढलेली गाठ सोमवारपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवू नका.

पायरी २: साधा रिपोर्ट हाच पहिला मार्कर

ज्याला आपण आयएचसी रिपोर्ट म्हणतो, त्यात ईआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७ अशा चार ओळी असतात. हे सगळे जीनचेच परिणाम आहेत, फक्त जीन थेट न मोजता त्याने बनवलेलं प्रोटीन रंग लावून बघतात. महागडी टेस्ट करायची की नाही हा प्रश्नच मुळात या चार ओळींनंतर येतो, आणि लोक नेमकं हेच पान न वाचता पुढे जातात.

ईआर आणि पीआर म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का. १ टक्का पेशी जरी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरतात, १ ते १० टक्के असेल तर त्याला लो पॉझिटिव्ह म्हणतात आणि तिथे डॉक्टरांशी वेगळं बोलावं लागतं, कारण अशा गाठी पुष्कळदा ट्रिपल निगेटिव्हसारख्या, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह असलेल्या गाठींसारख्या वागतात. नुसतं पॉझिटिव्ह लिहिलं असेल आणि टक्के नसतील तर परत जाऊन मागा, तुमचा हक्क आहे.

हर-टू मध्ये ० आणि १ प्लस म्हणजे निगेटिव्ह, ३ प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, आणि २ प्लस म्हणजे अजून ठरलं नाही. २ प्लसवर फिश टेस्ट, म्हणजे हर-टू जीनच्या प्रती मोजणारी, करावीच लागते. ही टेस्ट टाळून पुढची लाखाची टेस्ट करायला निघालेले लोक मी बघते तेव्हा खरंच डोक्याला हात लावावासा वाटतो. हर-टू पॉझिटिव्ह गाठी एकेकाळी सगळ्यात लवकर पसरणाऱ्या समजल्या जायच्या. १९८७ साली डेनिस स्लेमन यांच्या टीमने दाखवलं की या जीनच्या जास्त प्रती असल्या की आजार लवकर परततो, आणि १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब औषध मंजूर झालं तेव्हा चित्र पालटलं. म्हणजे धोक्याचा मार्कर होता तोच औषधाचा पत्ता निघाला.

केआय-६७ म्हणजे किती पेशी वाढीच्या मूडमध्ये आहेत. ५ टक्के आणि ६० टक्के यात फरक मोठा. पण १५ आणि २५ च्या मधल्या आकड्यावर जीव टांगू नका, दोन लॅबमध्ये तो वेगळा येऊ शकतो, एकाच लॅबमध्ये दोन डॉक्टरांच्या डोळ्याने पण वेगळा येऊ शकतो. हे आम्ही लॅबवालेच सांगतो.

याच्या जोडीला गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) आणि काखेतल्या किती गाठींत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये, कॅन्सर निघाला. या जुन्या गोष्टी अजून रद्दीत गेलेल्या नाहीत. कोणतीही जीन टेस्ट यांना बाजूला सारत नाही, यांच्या शेजारी बसते.

पायरी ३: आपण या टेस्टमध्ये बसतो का

गाठीवरच्या ज्या प्रसिद्ध टेस्ट आहेत त्या मुख्यतः एकाच गटासाठी बनल्या: ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, आजार लांब पसरलेला नाही, काखेत कॅन्सर असलेली एकही गाठ नाही किंवा १ ते ३ आहेत. या गटात हार्मोनची गोळी तर सगळ्यांनाच, प्रश्न फक्त किमोचा.

ट्रिपल निगेटिव्ह असेल तर ही टेस्ट करू नका. हर-टू पॉझिटिव्ह असेल तरी नाही. काखेत ४ किंवा जास्त गाठी असतील तर बहुतेक वेळा किमो ठरलेलीच असते. हाडात किंवा लिव्हरमध्ये आधीच गेलेलं असेल तर परत येईल का हा प्रश्नच उरत नाही. किमो घेऊन झाल्यावर काढलेल्या गाठीवर पण नाही, कारण किमोने गाठीचं वागणंच बदललेलं असतं. गाठ अगदी अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आणि काख स्वच्छ असेल तरी बहुधा गरज नसते. आणि आजी ८२ वर्षांची आहे, हार्ट कमजोर आहे, किमो कोणी देणारच नाही, तर टेस्टचा आकडा काय फ्रेम करून ठेवणार आहात?

विदर्भात अजून एक गोष्ट आहे. आपल्याकडे बायका उशिरा येतात, गाठ मोठी झालेली असते, म्हणून आधी किमो आणि मग ऑपरेशन असं पुष्कळदा करतात. ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्हमध्ये तर ही पद्धत फायद्याचीच आहे, कारण ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात कॅन्सर उरलेला दिसतो की नाही हाच तिथे पुढच्या धोक्याचा सगळ्यात चांगला अंदाज असतो. काहीच उरलं नाही तर फार चांगलं. उरलं तर हर-टू वाल्यांना औषध बदलतात, टी-डीएम-१ नावाचं, त्याने परत यायचा धोका जवळपास निम्मा होतो असं कॅथरीन नावाच्या ट्रायलमध्ये दिसलं, आणि ट्रिपल निगेटिव्हला केपसायटाबिनच्या गोळ्या देतात. आपल्या देशात ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण युरोप अमेरिकेपेक्षा जास्त आहे, त्यामुळे काउंटरवर विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मला सांगावं लागतं की ताई, ती टेस्ट तुमच्यासाठी नाहीच आहे. त्यांचा चेहरा पडतो, जसं काही मी गरीब समजून नाही म्हटलं. तसं नाही हो.

पायरी ४: पाळी गेली आहे का, हे नीट ठरवा

एवढ्याशा गोष्टीला वेगळी पायरी दिली कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. टेस्टच्या आकड्याचा अर्थ पाळी चालू असलेल्या बाईत आणि बंद झालेल्या बाईत वेगळा लागतो. आणि आपल्याकडे पस्तिशी चाळिशीत पिशवी काढून टाकलेल्या बायका कितीतरी. फॉर्म भरताना नर्स विचारते पाळी येते का, त्या म्हणतात नाही, पिशवी काढली आहे, फॉर्मवर टिक होतं मेनोपॉज. पण पिशवी काढली तरी अंडाशयं आत असली तर हार्मोन बनतच असतात, म्हणजे पाळी दिसत नाही एवढंच. पिशवीच्या ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर शोधा, त्यात अंडाशयं ठेवली की काढली ते लिहिलेलं असतं. पेपर नसेल तर सोनोग्राफी आणि एफएसएच, इस्ट्राडिओल या रक्ताच्या टेस्टवरून डॉक्टर ठरवतात. हे ऑन्कोलॉजिस्टला स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

पायरी ५: कोणती टेस्ट

ऑन्कोटाईप डीएक्स हे नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं. यात २१ जीन मोजतात, १६ कॅन्सरशी संबंधित आणि ५ नुसते तुलनेसाठी. त्या १६ मध्ये एक गट वाढीचा आहे, एक हार्मोनचा, दोन आजूबाजूच्या भागात घुसण्याशी संबंधित, हर-टू आणि त्याचा शेजारी, आणि काही सुटे. वाढीच्या गटाने आकडा वर जातो, हार्मोनच्या गटाने खाली येतो, आणि शेवटी ० ते १०० मधला एक स्कोअर मिळतो. २००४ मध्ये सूनमिउंग पाइक आणि इतरांनी जुन्या ट्रायलमधल्या ६६८ बायकांच्या जपून ठेवलेल्या गाठींवर हे तपासलं, सगळ्या टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी घेतलेल्या, काख स्वच्छ. कमी स्कोअरच्या गटात १० वर्षांत लांब पसरण्याचं प्रमाण ६.८ टक्के निघालं, जास्त स्कोअरच्या गटात ३०.५ टक्के. वरून बघितलं तर दोन्हींचे रिपोर्ट पुष्कळदा सारखेच दिसतात, हेच तर त्यात खास आहे.

मॅमाप्रिंट ही नेदरलँडची, ७० जीनची, लॉरा व्हान्ट वेर यांच्या टीमने २००२ मध्ये मांडलेली. ही मधलं काही सांगत नाही, थेट लो किंवा हाय. हिची मोठी ट्रायल माइंडॅक्ट, ६,६९३ बायका. त्यात जुन्या पद्धतीने, म्हणजे आकार ग्रेड वगैरे बघून ज्यांना हाय रिस्क म्हटलं असतं त्यांच्यातल्या साधारण ४६ टक्के बायका जीनवरून लो रिस्क निघाल्या. त्यांच्यापैकी ज्यांनी किमो घेतली नाही त्यांच्यात ५ वर्षांनी ९४.७ टक्के बायकांमध्ये आजार लांब पसरलेला नव्हता. मात्र पुढच्या पाहणीत दिसलं की ५० च्या आतल्या बायकांना किमोचा थोडा फायदा होतो, साधारण ५ टक्क्यांचा.

प्रोसिग्ना ५० जीनची, एंडोप्रेडिक्ट १२ जीनची, या पण आहेत, पण आमच्याकडे विचारणारे जवळजवळ नसतातच, म्हणून पुढे जाते.

आपल्या देशातली म्हणजे बंगळुरूच्या ऑन्कोस्टेमची कॅनअसिस्ट ब्रेस्ट. ही खरं तर जीन टेस्ट नाही, पाच प्रोटीन रंगवून बघतात आणि त्यात आकार, ग्रेड, काखेची स्थिती मिसळून कॉम्प्युटर स्कोअर काढतो. १५.५ पर्यंत लो, वर हाय. परदेशी टेस्टपेक्षा खूप स्वस्त पडते आणि भारतीय बायकांच्या गाठींवर बनलेली आहे ही जमेची बाजू. उणी बाजू अशी की किमो दिली आणि न दिली असे चिठ्ठ्या टाकून दोन गट करून हजारो बायकांवर तपासणं, जे ऑन्कोटाईप आणि मॅमाप्रिंटचं झालं, ते हिचं त्या प्रमाणात झालेलं नाही. माझं मत विचाराल तर, परवडत असेल आणि निर्णय खरंच मधोमध अडकला असेल तर ऑन्कोटाईप, परवडत नसेल तर कॅनअसिस्ट आणि सोबत डॉक्टरांचा अनुभव. जमीन गहाण ठेवून कोणतीच नाही.

पायरी ६: ब्लॉक पाठवताना

टेस्टला रक्त लागत नाही, ब्लॉक लागतो. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेला, आगपेटीपेक्षा लहान प्लास्टिकच्या कॅसेटवर. ऑपरेशनची गाठ ज्या लॅबमध्ये गेली तिथेच तो असतो, हॉस्पिटलमध्ये शोधत बसू नका. अर्ज द्या, रिपोर्टची झेरॉक्स आणि ओळखपत्र जोडा. बरेच ब्लॉक असतात, त्यातला ज्यात कॅन्सरचा भाग सगळ्यात जास्त आहे तो पॅथॉलॉजिस्टकडून निवडून घ्या. ऑपरेशनच्या गाठीचं काही बिघडलं असेल तर आधीच्या सुईच्या बायोप्सीच्या ब्लॉकवर पण ऑन्कोटाईप होते.

नागपूरकरांसाठी खास सूचना. मेण साधारण ५५ ते ६० डिग्रीला वितळतं आणि मे महिन्यात वर्धा रोडवर उन्हात उभ्या कारचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. ब्लॉक तिथे ठेवून चहा प्यायला उतरू नका. टू-व्हीलरच्या डिकीतही नको. कापडी पिशवीत घालून अंगाजवळ ठेवा, कुरियर कंपनीवाले घ्यायला येत असतील तर थंड वेळी बोलवा, उन्हाळ्यात पॅकमध्ये कोल्ड जेल मागा.

फॉर्मवर काखेत किती गाठी पॉझिटिव्ह हे बरोबर लिहिलंय का ते स्वतः बघा. काख स्वच्छ असणाऱ्यांचा आणि १ ते ३ गाठी असणाऱ्यांचा ऑन्कोटाईपचा रिपोर्ट वेगळा छापून येतो, तोच स्कोअर पण धोक्याचे टक्के वेगळे. फॉर्म चुकला की रिपोर्ट चुकला.

ऑन्कोटाईपचं सँपल अमेरिकेत कॅलिफोर्नियाला जातं, रिपोर्टला साधारण दोन आठवडे धरा. ऑपरेशननंतर किमो साधारण ४ ते ६ आठवड्यांत सुरू करायची पद्धत आहे, ९० दिवसांच्या पुढे गेली तर नुकसान होतं असं दिसलेलं आहे. म्हणजे ब्लॉकच्या अर्जासाठी महिनाभर चर्चा करायला वेळ नाही, पण आठवडाभर विचार करायला भरपूर आहे. घाबरून दुसऱ्या दिवशी पैसे भरू नका.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र हॉस्पिटलमध्ये बसलेले असतात, मंजुरीच्या यादीत काय आहे ते त्यांच्याकडून टेस्टच्या आधी कळतं, नंतरचं बिल घेऊन गेलात तर काही होत नाही. मुख्यमंत्री सहायता निधी, कंपनीचा पेशंट सपोर्ट डिस्काउंट, मेडिक्लेम, सगळीकडे आधी विचारायचं. आणि तुकडोजी हॉस्पिटल असो, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट असो की एम्स, सरकारी मेडिकल कॉलेज, फाइल घेऊन दुसरं मत घेतलं म्हणून कोणी डॉक्टर रागवत नाही. रागवले तर मग दुसरं मत घ्यायलाच पाहिजे होतं असं समजा.

पायरी ७: आकडा वाचायचा कसा

स्कोअर १८ आला म्हणजे १८ टक्के धोका नाही. हे चार वेळा सांगते तरी लोक घरी जाऊन तेच सांगतात. स्कोअर वेगळा, त्याच्या खाली छापलेले पुढच्या काही वर्षांत लांब पसरण्याचे टक्के वेगळे, आणि किमोने होणारा फायदा तिसरा. तीन आकडे तीन ओळींत असतात, पेन घेऊन गोल करा.

काख स्वच्छ असेल तर टेलरएक्स ही ट्रायल लागू. १०,२७३ बायका, २०१८ मध्ये निकाल. स्कोअर ११ ते २५ असणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं, एकाला नुसती गोळी, एकाला किमो आणि गोळी. ९ वर्षांनी आजाराशिवाय असलेल्या बायका एकीकडे ८३.३ टक्के, दुसरीकडे ८४.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा. ५० च्या वरच्या बायकांना २५ पर्यंत किमो नको, हे यातून पक्कं झालं. ५० च्या आतल्यांना १५ पर्यंत नको, १६ ते २० मध्ये फायदा अगदी थोडा, साधारण दीड टक्का, आणि २१ ते २५ मध्ये साडेसहा टक्क्यांच्या आसपास. २६ किंवा त्याच्या वर गेला की सगळ्यांनाच किमो सुचवतात.

काखेत १ ते ३ गाठी असतील तर आरएक्सपॉन्डर ही ट्रायल, २०२१ ची. पाळी बंद झालेल्यांना २५ पर्यंत किमोचा फायदा दिसला नाही. पाळी चालू असलेल्यांना दिसला, ५ वर्षांनी आजाराशिवाय असलेल्या बायका ८९ टक्क्यांच्या जागी जवळपास ९४. आता गंमत अशी की तरुण बायकांमधला हा फायदा किमोने अंडाशयं बंद पडतात त्यामुळे किती आणि किमोच्या स्वतःच्या ताकदीमुळे किती, यावर डॉक्टरांमध्येच वाद आहे, कारण अंडाशयं बंद करायला इंजेक्शनं पण मिळतात. तुम्ही या गटात असाल तर हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा, ते खूश होतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे रिपोर्टवर बारीक अक्षरात असतं. कमी स्कोअरचा तो छान आकडा ५ वर्षं हार्मोनची गोळी घेतली तर खरा आहे. एक काकू माहीत आहेत, स्कोअर ९, घरात पेढे वाटले, आणि वर्षभरात लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी बंद केली कारण सांधे दुखत होते आणि टेस्टमध्ये काही नाही म्हटलं होतं ना! सांधे दुखतात हे खरं आहे, पण गोळी बदलून मिळते, व्यायामाने फरक पडतो, डॉक्टरांना न सांगता बंद करायची नसते. ईआर पॉझिटिव्ह आजाराची खोड अशी की तो २० वर्षांनी पण परत येऊ शकतो. ट्रिपल निगेटिव्हचा जोर पहिल्या तीन वर्षांत जास्त असतो आणि पाच वर्षांनंतर खूप कमी होतो. दोघांच्या काळजीचं कॅलेंडर वेगळं आहे.

पायरी ८: बीआरसीएची रक्ताची टेस्ट कधी

वय ५० च्या आत, किंवा ट्रिपल निगेटिव्ह, किंवा दोन्ही बाजूला, किंवा घरात कोणाला अंडाशयाचा कॅन्सर, किंवा घरातल्या पुरुषाला ब्रेस्ट कॅन्सर, असं काही असेल तर विचारा. आजीला, आत्याला होता हे पण सांगा, लोक फक्त आईच्या बाजूचं सांगतात, पण हा दोष बाबांकडूनही तसाच येतो, आणि पुढे प्रत्येक मुलाला किंवा मुलीला जायची शक्यता निम्मी.

दोष निघाला म्हणजे हाच कॅन्सर जास्त पसरणार असं नाही. चाळिशीच्या आतल्या २,७३३ बायकांवरच्या एका ब्रिटिश अभ्यासात दोष असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या जगण्यात एकंदर फरक दिसला नाही. धोका वाढतो तो दुसऱ्या बाजूला आणि अंडाशयात नवीन कॅन्सर होण्याचा. शिवाय जास्त धोक्याच्या आजारात ओलापॅरिब गोळीचा फायदा मिळतो, वर्षभर घ्यायची असते. रिपोर्टवर व्हीयूएस लिहून आलं तर त्याचा अर्थ बदल सापडला पण तो वाईट आहे की निरुपद्रवी ते ठरलेलं नाही, त्यावरून कोणी ऑपरेशन करत नाही. टेस्टच्या आधी जेनेटिक कौन्सेलरशी बोला, लग्नाच्या मुली असलेल्या घरात हे रिपोर्ट कसे हाताळायचे हे पण ते सांगतात, आणि आपल्याकडे तो प्रश्न खरा असतो.

पायरी ९: नंतरची वर्षं

ट्रीटमेंट संपली की लोक दर सहा महिन्यांनी स्वतःच पेट स्कॅन आणि सीए १५-३ ही रक्ताची टेस्ट करायला येतात. काही त्रास नसताना याचा फायदा सिद्ध झालेला नाही, उलट आकडा जरा हलला की महिनाभर झोप नाही. गाठीतून रक्तात आलेला कॅन्सरचा डीएनए शोधणारी नवी टेस्ट पण विकायला लागले आहेत, तिच्यावर संशोधन जोरात आहे, पण त्रास नसलेल्या पेशंटला ती करा असं आज गाईडलाईन सांगत नाही. सांगते ते साधं आहे: पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी, मग दोन वर्षं ६ ते १२ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, आणि दरवर्षी मॅमोग्राम. मधल्या काळात एकाच जागी सतत हाड दुखणं, न थांबणारा खोकला, कावीळ, नवीन डोकेदुखी किंवा काखेत गाठ, यासाठी तारखेची वाट बघायची नाही.

आणि टेस्ट झाली की ब्लॉक परत मागवून घ्या, लॅबमध्ये जमा करून पावती फाइलमध्ये लावा. पुढे कधी हाडात किंवा लिव्हरमध्ये काही दिसलं तर जमेल तिथे त्या नव्या जागेची बायोप्सी करून ईआर, पीआर, हर-टू परत तपासतात कारण ते बदललेले असू शकतात, आणि ईआर पॉझिटिव्हमध्ये पीआयके३सीए नावाच्या जीनचा बदल बघतात, तो असला तर त्यावर वेगळी गोळी आहे. नवीन जागेतून तुकडा पुरेसा निघाला नाही तर तेव्हा सगळे हाच जुना ब्लॉक शोधत येतात.